वाचू लागलेल्या मुलाच्या हाती

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा प्रथम मनात आले की, संस्थेचा इतिहास लिहिणारे माझ्याहून अधिक जाणकार आहेत. इमारत कशी उभी राहिली, कोणी विटा दिल्या, कोणी वसतिगृहासाठी धान्य दिले, हे ते सांगतीलच. मी येथे मराठी शिकवले आणि शिकवता शिकवता ग्रंथालयाचा प्रभार सांभाळला. ‘प्रभार’ हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात ते एकच लोखंडी कपाट होते आणि त्याची किल्ली माझ्या खिशात असे. त्या किल्लीविषयीच लिहावे असे मी ठरवले. या लेखात थोडी कबुली आहे, थोडी माहिती आहे आणि शेवटी एक विनंती आहे.

शिक्षक-खोलीच्या कोपऱ्यात ते कपाट उभे असे. वरच्या कप्प्यात महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, त्याखाली थोरांची चरित्रे, शब्दकोश आणि सुविचारांचे संग्रह, तर सर्वांत खाली देणगीदाखल आलेली जुनी मार्गदर्शक पुस्तके. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर या दिवशी कपाट हमखास उघडे. खंड बाहेर काढून, पुसून, व्यासपीठावर प्रतिमेशेजारी मांडले जात. मुले रांगेने येऊन वंदन करीत. कार्यक्रम संपला की पुस्तके मोजून पुन्हा आत आणि किल्ली पुन्हा माझ्या खिशात.

आपल्या समाजाला पुस्तकाचे मोल कोणी सांगावयास नको. ज्यांच्या आजा-पणजांपासून अक्षर दूर ठेवले गेले, त्यांनी ग्रंथ मस्तकी धरावा हे स्वाभाविक आहे. परंतु मस्तकी धरलेले पुस्तक वाचता येत नाही; वाचण्यासाठी ते मांडीवर घ्यावे लागते. ही साधी गोष्ट समजण्यास मला पुष्कळ वर्षे लागली, आणि ती मला एका मुलाने शिकवली.

तो हिंगणघाटकडच्या एका खेड्यातून पाचवीत दाखल झाला. आईवडील शेतमजूर. कापूस वेचणीचा हंगाम संपला की ते वीटभट्टीवर जात आणि मुलगाही त्यांच्यासोबत जाई. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव चार वर्षे होते. तो स्वतः मात्र त्यातले निम्मे दिवसही वर्गात बसलेला नव्हता. तरीही पहिले काही आठवडे मला कशाचीच शंका आली नाही. सायंकाळच्या वंदनेला तो पुस्तिका हाती धरून स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणत असे. एके दिवशी मी त्याच्या मागे उभा होतो. तोंडाने त्रिशरण-पंचशील अचूक चालले होते. बोट मात्र भलत्याच पानावर फिरत होते. पाठांतर उत्तम होते. वाचन नव्हते. अक्षरे त्याला ओळखू येत, काना-वेलांटीही कळे. पण अक्षरांचा शब्द आणि शब्दांचा अर्थ होत नव्हता.

मी त्याला रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास बोलावू लागलो. कपाटातून निवडून एक पुस्तक काढले. थोर पुरुषांच्या बालपणीचे प्रसंग त्यात होते आणि प्रत्येक प्रसंगाखाली चौकटीत तात्पर्य. पहिल्याच पाठाचे शीर्षक होते ‘प्रामाणिकपणाचे महत्त्व’. आरंभीच जोडाक्षर, मग पाच-सहा अक्षरांची रांग आणि शेवटी ‘महत्त्व’ या शब्दातील ते अवघड जोडकाम. तो ‘प्रा’वर अडे, ‘णि’वर थांबे, आणि ‘महत्त्व’ गाठेपर्यंत आरंभी काय वाचले ते विसरून जाई. तीन रात्री आम्ही त्या शीर्षकाशीच झुंजलो. चौथ्या रात्री पोट दुखत असल्याचा निरोप आला. पाचव्या रात्रीही पोट दुखले.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पहिलीच्या वर्गातून मोठ्या चित्रांचे, पानावर दोन-दोन शब्दांचे एक पुस्तक आणले. त्याने ते पाहिले आणि मान खाली घातली.

“सर, हे तं बारक्या पोरायचं हाय. सारे हासतीन मले.”

त्याचे खरे होते. अकरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलाचे पुस्तक देणे म्हणजे चारचौघांत त्याची उंची मोजून दाखवणे होय. कठीण पुस्तक मुलाला थकवते, तर वयाला न शोभणारे सोपे पुस्तक त्याला खाली पाहावयास लावते. या दोहोंच्या मधली वाट मला ठाऊक नव्हती.

ती वाट दिसली बसस्थानकावर. दिवाळीच्या सुटीत मुलांना गावी पाठवण्यासाठी आम्ही त्यांना घेऊन उभे होतो. दुरून बस येताना दिसली, तसा तो म्हणाला, “सर, हे समुद्रपूरची हाय. आमची मांगून येते.” मी चकित झालो. बस अजून बरीच लांब होती, पाटी धुळीने माखलेली होती आणि ‘समुद्रपूर’ या शब्दात जोडाक्षरही होते. ‘प्रा’वर तीन रात्री अडणाऱ्या मुलाने ‘द्र’ क्षणात ओलांडला होता, कारण त्याला घरी जायचे होते. त्या दिवशी मला कळले की, मुलाला वाचता येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण त्याला वाचण्यासारखे काही दिलेलेच नसते.

सुटीनंतर मी एका पुस्तक-प्रदर्शनातून पातळ, सचित्र पुस्तकांचा एक गठ्ठा विकत आणला. त्यात एका शेळीची गोष्ट होती. पुस्तकाचे नाव आता आठवत नाही, गोष्ट आठवते. शेळी घरातले एकेक खात सुटते. टोपले खाते, झाडू खाते, वाळत घातलेले धोतर खाते आणि शेवटी मास्तरांची हजेरीवही खाते. प्रत्येक पानावर तेच वाक्य पुन्हा येई, फक्त खाल्लेली वस्तू बदले. मी त्याला ते वाचावयास दिले नाही. मी म्हणालो, “पहिलीच्या मुलांना शनिवारी गोष्ट वाचून दाखवायची आहे आणि मला वेळ नाही. तू दाखवशील का? मात्र आधी तयारी करावी लागेल.”

आता ते बारक्यांचे पुस्तक राहिले नव्हते. ते त्याचे काम झाले होते. तीन दिवस तो कडुनिंबाखाली बसून तयारी करीत होता. शनिवारी पहिलीच्या वर्गासमोर उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज प्रथम कापला. पण हजेरीवहीच्या पानावर मुले अशी हसली की, त्यांनी ते पुस्तक पुन्हा वाचावयास लावले, आणि पुन्हा. दुसऱ्या खेपेस तो ‘शेळीने सगळे खाल्ले’ असे न वाचता ‘शेयीनं सारं खाल्लं’ असे वाचू लागला. माझ्यातला मराठीचा शिक्षक त्याला दुरुस्त करण्यासाठी पुढे सरसावला होता. सुदैवाने मी गप्प राहिलो. कारण जो मुलगा छापील वाक्य आपल्या घरच्या बोलीत फिरवून सांगतो, त्याने अक्षर नव्हे, अर्थ वाचलेला असतो. प्रमाण भाषा पुढे येतेच; पण ती घरच्या भाषेचा उंबरठा ओलांडून आत येते. आपल्या जिल्ह्यात कोणाच्या घरी वऱ्हाडी ढंगाची मराठी आहे, तर कोणाच्या घरी गोंडी किंवा कोलामी. त्यांचे पहिले पुस्तक वाचताना ती भाषा दाराबाहेर उभी करू नये.

वाचू लागलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालते, हे त्यानंतर मी अधिक लक्ष देऊन पाहू लागलो. आपण सराईत वाचक ओळखीचा शब्द क्षणात ओळखतो. नवशिक्या मुलाला प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी निराळी उचलावी लागते. त्याची सारी शक्ती त्यातच खर्ची पडते आणि अर्थासाठी काही उरत नाही. ही शक्ती वाचवण्याचा उपाय एकच: पुष्कळ वाचणे, तेही सोपे वाचणे. वारंवार भेटलेला शब्द हळूहळू ओळखीचा होतो आणि मग तो फोडून वाचावा लागत नाही. पण पुष्कळ वाचण्यासाठी मुलाला कोणी बळजबरीने बसवू शकत नाही. अर्धा तास बसवता येते. पुढची शंभर पाने तो आपल्या खुशीनेच वाचतो. म्हणून वाचनातील गंमत ही जेवणानंतरची मिठाई नाही; रोजची भाकरीच आहे. गंमत नसेल तर सराव नाही आणि सराव नसेल तर मोठे ग्रंथ कपाटातच राहणार.

हे उमजल्यानंतरही माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती या लेखात लिहिल्याखेरीज मला पुढे जाता येणार नाही.

चौथीत एक मुलगी होती. शांत, मागच्या बाकावरची. तिला नुकतेच सुरळीत वाचता येऊ लागले होते. प्रदर्शनातून आणलेल्या गठ्ठ्यातील एका भित्र्या भुताच्या गोष्टीचे पुस्तक तिला इतके आवडले की, ती ते पुन्हा पुन्हा मागून नेई. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. रात्रीच्या अभ्यासिकेत मी फेरी मारत असता पाठ्यपुस्तकाच्या आड ते भुताचे पुस्तक दिसले. ती तोंड दाबून हसत होती. मी ते ओढून घेतले आणि सर्वांसमोर म्हणालो, “परीक्षेत भूत येणार आहे का?” सारी अभ्यासिका हसली. ती हसली नाही. त्यानंतर तिने माझ्याकडे कधी पुस्तक मागितले नाही. पुढच्या वर्षी तिचे कुटुंब कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि ती शाळा सोडून गेली.

तिने कोणता गुन्हा केला होता? अभ्यासाच्या तासाला ती वाचत होती. आम्ही शिक्षक जे घडावे म्हणून वर्षभर धडपडतो, नेमके तेच ती करीत होती. केवळ तिला त्यात आनंद वाटत होता, म्हणून मला तो अभ्यास वाटला नाही.

त्या प्रसंगानंतर पुस्तकांविषयीची माझी दृष्टी बदलू लागली. आपल्याच परंपरेतील दोन घटनांकडे मी नव्याने पाहू लागलो.

पहिली घटना आचार्य धर्मानंद कोसंबी यांची. पाली आणि बौद्ध वाङ्मयाच्या या थोर अभ्यासकाने आयुष्याचे अखेरचे दिवस आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामात घालवले. १९४७ च्या जून महिन्यात तेथेच त्यांचे देहावसान झाले. गोव्यातील साखवाळ या गावी जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण फारच थोडे झाले होते. भगवान बुद्धांची ओढ त्यांना कशातून लागली? कोण्या जाडजूड ग्रंथातून नव्हे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धांचे एक छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. तेव्हा ते लहान नव्हते, चांगले विशीतले होते. पण मुलांसाठी लिहिलेला तो सोपा मजकूर त्यांच्या मनाला असा भिडला की, पुढे घर सोडून ते पुणे, नेपाळ, श्रीलंका असे ज्ञानासाठी फिरले. मराठी वाचकाला त्यांनी ‘भगवान बुद्ध’ सारखा ग्रंथ दिला आणि जातककथाही दिल्या. एका बालमासिकातील काही पानांचे हे फळ! सोप्या पुस्तकाला कमी लेखणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. सोपे वाचल्याने वाचक लहान होत नाही.

दुसरी घटना सर्वांना परिचित आहे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. आपण सारे त्या भेटीविषयी आदराने बोलतो. त्याआधी काय झाले याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. मुंबईच्या एका बागेत हा विद्यार्थी रोज एकटा वाचत बसतो, हे केळुसकरांनी आधी पाहिले होते. त्याची विचारपूस केली होती आणि त्याला वाचण्यासाठी पुस्तके दिली होती. म्हणजे प्रथम त्यांनी वाचक पाहिला आणि पुस्तक नंतर दिले. मी उलट करीत होतो. माझ्या हाती पुस्तक आधीपासून असे आणि त्यासाठी मी मूल शोधत असे.

जातककथांचेच पाहा. पाली परंपरेत साडेपाचशेच्या आसपास जातके आहेत आणि त्यांत माकड, मगर, ससा, हत्ती, हरिण, कासव, कावळा यांची केवढी गर्दी आहे! बडबड आवरता न आल्याने आकाशातून खाली पडलेले कासव आणि मगरीला चकवणारे माकड मुलांना आजही पोट धरून हसवतात. शेकडो वर्षे या कथा टिकल्या, त्या ऐकणाऱ्यास प्रथम गोष्ट हवी असते म्हणून. उपदेश गोष्टीच्या पोटात असतो. आपण तो उपसून काढतो, खाली चौकटीत मांडतो आणि वर विचारतो, “या गोष्टीपासून काय बोध घेतला?” मग मूल पुढच्या वेळी गोष्ट वाचतच नाही, थेट चौकट पाठ करते. मीही वर्षानुवर्षे हा प्रश्न विचारला. आता मी विचारतो, “यातला कोणता भाग पुन्हा वाचावासा वाटला?” उत्तरे कितीतरी खरी येतात.

अखेर एके वर्षी जूनमध्ये मी कपाटाचे कुलूप काढले. खालच्या दोन कप्प्यांतील मार्गदर्शक पुस्तके हलवली. व्हरांड्यात दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधून तिच्यावर पातळ पुस्तके कपडे वाळत घालावेत तशी मांडली. जाता-येता कोणीही घ्यावे, पायरीवर बसून वाचावे, पुन्हा दोरीवर टाकावे. सहकाऱ्यांनी विचारले, “हरवली तर?” प्रश्न योग्य होता. साठा-नोंदवहीत पुस्तकाची नोंद असते, ते गहाळ झाले तर उत्तर द्यावे लागते. म्हणूनच अनेक शाळांत पुस्तके कुलपात राहतात. पहिल्या वर्षी काही पुस्तके हरवली, काहींची पाने सुटली, एक तर पावसात भिजून लगदा झाले. जी भरून देणे शक्य होते ती मी पदरची आणून दिली. पण शाईचे डाग पडलेली, कडा मऊ झालेली ती पुस्तके पाहताना मला वाईट वाटेना. कपाटातील कोरी करकरीत पुस्तके पाहताना मात्र वाटू लागले.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र सांगते की पुस्तके वापरण्यासाठी असतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानेही प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हणताना गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख केला आहे. आणि आपण तर वर्ध्याचे रहिवासी. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’चा विचार देशापुढे आला. हाताने काम करीत शिकावे, हे त्याचे सार. टकळी हाती न देता सूतकताई शिकवता येत नाही, तसे पुस्तक हाती न देता वाचन कसे शिकवता येईल?

या वर्षांत पुस्तक निवडण्याच्या ज्या काही खुणा मला उपयोगी पडल्या, त्या पालकांसाठी आणि शाळेला पुस्तके भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी येथे नोंदवतो.

वाचू लागलेल्या मुलासाठी पुस्तक पातळ असावे, म्हणजे ते एका बैठकीत संपते. ‘मी एक पुस्तक पूर्ण वाचले’ हे सांगता येणे हा मुलासाठी मोठा सन्मान आहे. अक्षर मोठे, ओळी सुट्या आणि चित्रे अशी असावीत की, अडलेल्या शब्दाचा अर्थ चित्रातून हाती लागावा. एखादे वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल तर ते उत्तम. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, मुलाला मात्र ते विसाव्याचे ठिकाण वाटते. पुस्तक फार कठीण आहे का, हे पाहण्याची एक जुनी, सोपी रीत आहे. मधले एक पान उघडून मुलाने ते वाचावे आणि न कळणाऱ्या प्रत्येक शब्दामागे एक बोट मिटावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. मात्र मुलाला तेच हवे असेल तर हिरावून घेऊ नये. आपण शेजारी बसून वाचून दाखवावे.

मोठ्या वयात वाचू लागलेल्या मुलांसाठी विनोद, कोडी, शब्दखेळ, प्राणी, यंत्रे, क्रिकेट, रहस्य असे विषय निवडावेत. मजकूर सोपा असला तरी विषय वयाला शोभला पाहिजे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक यासाठी सोन्यासारखे आहेत आणि ते आता संगणकावरही पाहता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात आणि वाचनाच्या चार पायऱ्यांप्रमाणे त्या लावलेल्या असतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके घरातल्या साध्या प्रसंगांतून मुलाशी बोलतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचनाची गाडी वेगात आलेल्या मुलाला रात्री झोपू देत नाही. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी विंदा करंदीकर यांनी मुलांसाठी निव्वळ गमतीच्या कवितांचे संग्रह लिहिले. एवढ्या मोठ्या कवीला मुलांना हसवणे कमीपणाचे वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवड मुलाला करू द्यावी. आपण दहा पुस्तके निवडून समोर ठेवावीत, त्यांतले एक त्याने उचलावे. त्याने अर्धे सोडले तर सोडू द्यावे. तेच पुस्तक दहा वेळा वाचले तर वाचू द्यावे. ज्या घरी आईवडिलांना वाचता येत नाही, तेथेही हे शक्य आहे. मुलाला म्हणावे, “मले वाचून दाखव,” आणि भाकरी थापता थापता ऐकावे. ऐकणारे माणूस मिळाले की वाचणाऱ्याला बळ येते, हे मी त्या शेळीच्या गोष्टीत पाहिले आहे.

तो मुलगा मागच्या दिवाळीत भेटला. दहावीनंतर तो ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामाला लागला. तो फार मोठा वाचक झाला असे मी म्हणणार नाही. चहा घेता घेता म्हणाला, “सर, ते शेयीचं पुस्तक कुठं भेटन? पोरीले वाचून दाखवाचं होतं.” मी बराच शोध घेतला. आपल्याकडची प्रत केव्हाच वाचून वाचून फाटली होती. त्याला दुसरी चार पुस्तके पाठवली. पण खरे सांगायचे तर त्या फाटलेल्या प्रतीइतके यश मला शिक्षकी पेशात दुसऱ्या कशात लाभले नाही.

आता विनंती. माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आपण आज निरनिराळ्या पदांवर आहात, निरनिराळ्या गावी आहात. विद्यालयाला भेट देताना आपण कृतज्ञतेने मोठे ग्रंथ आणता. ते अवश्य आणावेत. वरच्या वर्गांना त्यांची गरज आहे. पण त्यासोबत दहा पातळ, रंगीत, हसवणारी पुस्तकेही आणावीत, आणि पुस्तके ठेवून लगेच निघून जाऊ नये. व्हरांड्याच्या पायरीवर एखाद्या मुलाशेजारी बसावे आणि त्याच्याकडून एक पुस्तक ऐकून जावे. बाबासाहेबांच्या खंडांपर्यंत जाणारा रस्ता याच पायरीवरून सुरू होतो. त्या खंडांना वंदन करणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते उघडून वाचणारी मुले आपल्याला घडवायची आहेत.

शेवटचे चार शब्द एकाच व्यक्तीसाठी आहेत. ही स्मरणिका दूरदूरच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते असे ऐकतो. चौथीतल्या त्या मुलीपर्यंत ती पोहोचली, तर तिला सांगायचे आहे: बेटा, त्या रात्री चूक तुझी नव्हती, माझी होती. ते भित्र्या भुताचे पुस्तक मी पुन्हा दोरीवर टाकले नाही. माझ्याकडे जपून ठेवले आहे. ज्या पानावर तू हसत होतीस, त्याचा कोपरा तू दुमडला होतास. तो अजून तसाच आहे. ते पुस्तक तुझे आहे. केव्हाही येऊन घेऊन जा.

विद्यालयातील सर्व लेकरांना आणि त्यांना घडवणाऱ्या सर्वांना मंगल कामना.